कॅज्युअल्टी म्हणजे किती माणसं?

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. खंदकाच्या मातीच्या भिंतीला टेकून बसलेले सैनिक. पार्श्वसंगीत नाही.)

१ जुलै १९१६. फ्रान्समधल्या सोम नदीचा परिसर. सकाळी साडेसात वाजता शिट्ट्या वाजल्या आणि ब्रिटिश सैनिक खंदकांतून वर आले. त्या एका दिवसाचा हिशेब इंग्रजी इतिहासग्रंथांत एका आकड्यात मिळतो : ५७,४७० कॅज्युअल्टीज.

हा आकडा मराठीत येताना 'सत्तावन्न हजार ठार' असा होण्याची भीती असते. ते चूक आहे. त्या दिवसाचे मृत १९,२४०. बाकीचे जखमी, बेपत्ता किंवा शत्रूच्या हाती लागलेले. लष्करी इंग्रजीत कॅज्युअल्टी म्हणजे लढाईतून वजा झालेला माणूस. पाय गेलेला त्यात येतो, कैद झालेला येतो, जीव गेलेलाही येतो. उद्या लढायला किती जण उरले, हे ज्याला मोजायचं आहे त्याचं काम या शब्दाने भागतं. घरी पत्राची वाट पाहणाऱ्या आईचं भागत नाही. म्हणून युद्धाची इंग्रजी बातमी हाती आली की मी आधी हा शब्द शोधतो आणि त्याच्या आसपास 'किल्ड' आहे की 'वुंडेड', ते पाहतो.

त्या सकाळी चालत पुढे गेलेलं सैन्य म्हणजे इन्फन्ट्री. आपण त्याला पायदळ म्हणतो, शब्द कळतो आणि पुढे जातो. इंग्रजी शब्दाच्या पोटात मात्र एक पोरगा आहे. इटालियन भाषेत 'इन्फान्ते' म्हणजे कोवळा तरुण, पायी लढणारा शिपाई. त्याच्याही मागे लॅटिन 'इन्फान्स' : ज्याला अजून बोलता येत नाही तो. तान्ह्या बाळासाठीचा इंग्रजी 'इन्फन्ट' इथूनच आला. हे कळल्यापासून इन्फन्ट्री हा शब्द मला कधी कोरडा वाटलेला नाही.

काही शब्द ओळखीचे भासतात आणि तिथेच पाय घसरतो. 'एंगेजमेंट' म्हणजे साखरपुडा, पण युद्धाच्या बातमीत चकमक. 'थिएटर' म्हणजे युद्धक्षेत्र. 'कंपनी' म्हणजे साधारण शंभर-दीडशे सैनिकांची तुकडी.

(दृश्य: उंच लाकडी ओंडक्यांची तटबंदी. आतल्या बाजूला कमरेइतकं साधं कुंपण.)

आता रोज तोंडी येणारा एक शब्द. डेडलाइन. अमेरिकी यादवी युद्धात, १८६४ साली, दक्षिणेकडच्या फौजांनी जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल इथे युद्धकैद्यांची छावणी उभारली. भोवती ओंडक्यांची भिंत. त्या भिंतीच्या आत सुमारे १९ फुटांवर लाकडाच्या फळ्यांचं एक हलकं कुंपण. ते कुणालाही सहज ओलांडता आलं असतं. पण वर मचाणांवर पहारेकरी बंदुका रोखून उभे, आणि कुंपणापलीकडे गेलेल्याला गोळी घालायची, असा हुकूम. कैदी त्या रेषेला 'डेड लाइन' म्हणत. सुमारे ४५,००० कैदी या छावणीत येऊन गेले, त्यांतले जवळपास १३,००० तिथेच मेले. बहुतेकांना आजाराने आणि उपासमारीने गाठलं. छावणीचा अधिकारी हेन्री वर्झ याच्यावर खटला चालला आणि १० नोव्हेंबर १८६५ रोजी त्याला फाशी झाली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी वृत्तपत्रसृष्टीत मजकूर देण्याच्या शेवटच्या वेळेला डेडलाइन म्हणू लागले. आता ती वेळ कुणी चुकवली तर कुणी मरत नाही, ही चांगलीच गोष्ट आहे. पण शब्द त्या कुंपणाचा आहे, हे माहीत असावं.

टँक हा शब्द तर मुद्दाम फसवण्यासाठी निवडला होता. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या लिंकन शहरात पोलादी चिलखती वाहन तयार होत होतं. बातमी फुटू नये म्हणून, या पाणी वाहून नेण्याच्या टाक्या आहेत, असं भासवण्यात आलं. १५ सप्टेंबर १९१६ रोजी त्याच सोमच्या रणांगणावर 'टाक्या' पहिल्यांदा चालून गेल्या. युद्ध संपलं तरी खोटं नाव कायम राहिलं. मराठीने मात्र 'रणगाडा' म्हणून ते गुपित फोडून टाकलं. इतका स्वच्छ शब्द आपल्याकडे असताना बातम्यांत उगाच टँक का लिहावं?

(दृश्य: रुग्णालयातली खाट. थरथरणारा हात.)

१९१५ च्या फेब्रुवारीत चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 'शेल शॉक' हा शब्द छापला. अंगावर मोठी जखम नाही, पण दृष्टी मंदावलेली, झोप उडालेली, आठवण पुसलेली. सैनिकांनी तो शब्द लगेच आपलासा केला, कारण त्यांना जे होत होतं ते त्यात ऐकू येत होतं. वरिष्ठांना तो नकोसा झाला. १९१७ मध्ये त्याऐवजी कागदावर लिहायला सांगितलं : 'निदान अद्याप नाही, मज्जातंतूंची तक्रार'. त्याच युद्धात पलायन आणि भ्याडपणा यांसारख्या आरोपांखाली ब्रिटिश लष्कराने आपल्याच सैनिकांना गोळ्या घातल्या. अशा ३०६ जणांना २००६ मध्ये मरणोत्तर माफी मिळाली. त्यांतल्या किती जणांची खरी तक्रार तीच होती, हे आता कोण सांगणार?

'कोलॅटरल डॅमेज' हाही असाच कचेरीतला शब्द. शब्दशः, बाजूला झालेलं नुकसान. त्या बाजूला घर असतं, शाळा असते, माणसं असतात.

थांबण्याचे शब्दही सारखे नाहीत. 'सीझफायर' म्हणजे गोळीबार थांबवणं. तो काही तासांपुरताही असू शकतो. 'आर्मिस्टिस' म्हणजे दोन्ही बाजूंनी रीतसर केलेला शस्त्रसंधी. शांतता करार त्याच्याही पुढचा. कोरियात २७ जुलै १९५३ ला शस्त्रसंधी झाला, शांतता करार आजवर झालेला नाही.

(दृश्य: धुकं. वळणावरचा कच्चा रस्ता.)

११ नोव्हेंबर १९१८ च्या शस्त्रसंधीवर पहाटे पाचच्या सुमारास सह्या झाल्या. अंमल सकाळी अकरापासून. मधल्या तासांत लढाई चालूच होती. फ्रान्समध्ये एका जर्मन चौकीच्या दिशेने हेन्री गुंथर नावाचा अमेरिकी सैनिक संगीन रोखून धावला. हुद्दा प्रायव्हेट, म्हणजे सगळ्यांत खालचा शिपाई. आधी तो सार्जंट होता. आघाडीवरच्या हालांबद्दल मित्राला लिहिलेलं पत्र लष्कराच्या तपासणीत सापडलं आणि त्याचा हुद्दा काढून घेतला गेला. समोरचे जर्मन हातवारे करून त्याला मागे फिरायला सांगत होते. तो थांबला नाही. त्यांनी गोळ्या झाडल्या.

घड्याळात दहा वाजून एकोणसाठ मिनिटं झाली होती. सार्जंटचा हुद्दा त्याला नंतर, मरणोत्तर, परत मिळाला.