दोन सूत

(दृश्य: आंजर्ल्यातली पडवी. कोपऱ्यात छत्र्या, ओल्या चपला.)

पाहुणे येतात, पायाची वाळू झटकतात आणि या काउंटरवर कोपर टेकून खोलीची किल्ली मागतात. काउंटरची उंची ४२ इंच. आतल्या बाजूला काकी खुर्चीत बसून नोंदी करतात, तिथलं टेबल मात्र ३० इंचांवर.

आधी इथे सनमायका लावलेलं प्लायवूड होतं. दोन पावसाळ्यांत त्याच्या कडा पापडासारख्या फुगल्या. मग काकींच्या मनात ग्रॅनाइट भरला. सुतारमामा म्हणाले, "मागे फळ्या रचून ठेवल्यात त्या काय चुलीत घालायच्या?"

(दृश्य: गोठ्याच्या माळ्यावर रचलेल्या फळ्या.)

फळ्या फणसाच्या. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं, त्या दुपारी परसातला फणस मुळासकट आडवा झाला. उभा फणस असा सहज तोडता येत नाही. झाडतोडीच्या १९६४च्या कायद्यात परवानगी लागणारी जी झाडं आहेत, त्यांत साग, ऐन, किंजळ, आंब्याबरोबर फणसही आहे. इथे ते काम वाऱ्यानंच केलं. खोड चिरून आणलं, दोन फळ्यांच्या मधे हवा खेळायला रिपा, म्हणजे लाकडाच्या बारीक पट्ट्या, घालून सावलीत रचलं आणि विसरून गेले. लाकूड वाळायला जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष, असा सुतारांचा हिशोब. या फळ्या दीड इंची. वेळ भरपूर मिळाला होता.

(दृश्य: रंधा चालतोय. जमिनीवर पिवळ्या सालपटांचा ढीग.)

रंधा फिरला की आतून हळदीसारखा पिवळा रंग निघतो. कोकणातल्या जुन्या घरांत पाट, देव्हारे, दारं याच लाकडाची. तिथे तो काळपट तांबूस दिसतो, कारण उजेड आणि वय त्याला पिकवतात.

वर एकच अखंड फळी दिसते, पण ती चार फळ्यांची आहे. मामा दोन फळ्या कडेला कड लावून उजेडासमोर धरतात. फटीतून केसाएवढा प्रकाश दिसला तरी परत रंधा. चार वेळा, पाच वेळा. कॅमेरावाला कंटाळला, मामा नाही. सांधा बसला की सरस, मग क्लॅम्प. क्लॅम्प आवळताना सांध्यावर सरसाचे बारीक थेंब ओळीनं उभे राहतात. ओळ मधेच तुटली तर तिथे सरस कमी पडला. बाहेर आलेला सरस लगेच पुसायचा नाही. रबरासारखा झाला की पटाशीनं अलगद सोलायचा. ओला पुसला तर लाकडाच्या रंध्रांत शिरतो आणि पॉलिश लावल्यावर डाग होऊन वर येतो.

(दृश्य: फळी उलटी. मामांचं बोट खालच्या चौकटीवर.)

आता खरी गोष्ट. ही बाजू पाहुण्यांना कधी दिसणार नाही.

लाकूड लांबीत फारसं हलत नाही, रुंदीत हलतं. पावसाळ्यात ओल पिऊन फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. बावीस इंच रुंदीची फळी चारी बाजूंनी स्क्रूंनी जखडली, तर ती फुटेल नाहीतर चौकट ओढेल. म्हणून पाहुण्यांकडच्या कडेचे स्क्रू घट्ट. काकींकडच्या बाजूला चौकटीतली भोकं लांबट, वॉशर घालून स्क्रू बेताचाच आवळलेला. सगळे स्क्रू पितळी, कारण खारी हवा लोखंडाला सोडत नाही.

"किती सरकेल?"

"दोन सूत," मामा म्हणाले. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्यांनी चौकटीला टेकवून फळीच्या पोटावर पेन्सिलनं रेघ ओढली. तेव्हा मे महिना होता.

पॉलिश डबल बॉइल्ड जवसाच्या तेलाचं. पातळ तीन हात, वर जितके तितकेच खाली. एकाच अंगाला लावलं तर ओल दोन्हीकडून सारखी शिरत नाही आणि फळी वाटीसारखी वळते. तेलाच्या चिंध्या मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटू शकतात. मामा त्या कुंपणावर पसरून वाळवतात. (दोन फळ्यांच्या मधे निळं रेझिन ओतून नदी करण्याची फॅशन आहे. मामांना मोबाइलवर दाखवली. ते म्हणाले, "समुद्र समोर असताना?")

(दृश्य: ऑगस्ट. पागोळ्या. नारळी पौर्णिमेची गडबड.)

आम्ही परत गेलो. टॉर्च घेऊन मामा काउंटरखाली शिरले. मे महिन्यात चौकटीला चिकटलेली रेघ आता बाहेर आली होती. मधे पट्टी धरली.

"दीडच," आम्ही म्हणालो.

"पाऊस संपलाय का अजून?" आतून आवाज आला.

वर काकींनी रजिस्टर उचललं. त्याच्या खाली, तांबूस होत चाललेल्या फळीवर, एक स्वच्छ पिवळा चौकोन. काकींनी तो पदरानं पुसून पाहिला. जाईना. मग त्यांनी रजिस्टर वीतभर बाजूला ठेवलं आणि पुढच्या पाहुण्याला नाव विचारलं.