काठावरचा मोर ताटावर आला, आणि...

(दृश्य: फिरत्या चाकावर कोरं पांढरं ताट. वर स्थिर धरलेला कुंचला.)

चिनी मातीचं हे ताट 27 सेंटिमीटर व्यासाचं. छत्रपती संभाजीनगरातल्या एका फ्लॅटच्या गॅलरीत ताई ते रंगवताहेत. हात हलत नाही, ताट फिरतं. असं केलं तरच कडेची रेघ एकसारखी येते.

सुरुवातीला ताईंनी पैठणीचा काठ घेतला होता. पैठण इथून जवळ, कपाटात आईची पैठणी. दुसरं काही सुचणारच कसं? कडेनं ओळीत मोर बसवले आणि सगळं बिनसलं.

(दृश्य: ते जुनं ताट.)

साडीचा काठ सरळ चालतो. ताटाच्या कडेला मात्र दोन मापं असतात. ही कड साडेतीन सेंटिमीटर रुंद आहे. बाहेरून दोरी लावली तर जवळपास 85 सेंटिमीटर भरते, आतून 63. मधले 22 सेंटिमीटर कुठून तरी कमी करावे लागतात, आणि ते मोराच्या पायांतून गेले. पाय एकमेकांत अडकले, पिसारे लांब लांब पडले. शिवाय जेवायला बसलं की समोरचा मोर उभा आणि आपल्या पोटाजवळचा डोक्यावर!

उत्तर अजिंठ्याला सापडलं. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात मान वर करून बघा. छतावर वर्तुळात वर्तुळ, त्यात कमळं. कमळाला वरची बाजू नसते, खालची नसते. पाकळी देठाशी अरुंद, टोकाकडे रुंद. गोल कडेला हवं असतं ते नेमकं हेच.

(दृश्य: कागदाचं वर्तुळ. घडी, पुन्हा घडी.)

ताई मोजपट्टी घेत नाहीत. ताटाएवढा गोल कागद कापून चार वेळा दुमडतात. 16 घरं. प्रत्येक घर बाहेरून सव्वापाच सेंटिमीटर, आतून चारला थोडं कमी. एका घरात एक पाकळी. पेन्सिलच्या खुणा पुसायची गरज नाही, भट्टीत जळून जातात. झिलईवरचे हे रंग 800 अंशांच्या आसपास पक्के होतात. ताट त्याआधीच 1300 अंशांच्या आसपास भाजून निघालेलं असतं. आणि सोनेरी कड? लावताना ती काकवीसारखी तपकिरी दिसते. नवख्याला वाटतं, फसवलं आपल्याला.

ताटाचा मध्य कोराच ठेवलाय. तिथे भात येणार, वरण येणार. रंग झिलईच्या वर बसलेला असतो. चमच्यानं झिजतो, आंबटानं खराब होतो. आपल्या आज्यांना हे न सांगता कळलं होतं म्हणा ना. पंगतीत महिरप ताटाभोवती काढायच्या, ताटात नाही.

कपाची तऱ्हा वेगळी. कप वर रुंद, खाली निमुळता. त्याला सरळ पट्टी गुंडाळली की एक टोक वर चढतं, दुसऱ्याला भेटतच नाही. म्हणून नक्षीचा कागद बांगडीच्या तुकड्यासारखा कमानदार कापायचा. जोड कानाखाली लपवायचा. फुलाची एकच फांदी असेल तर ती कुठल्या बाजूला? उजव्या हातानं कप धरला की एक बाजू पिणाऱ्याकडे, दुसरी समोरच्याकडे. ताई फांदी समोरच्याकडे देतात. पाहुण्यानं बघायला नको का!

(दृश्य: बशी. मधल्या खळग्यात इवलीशी हिरवी मुनिया.)

बशीच्या खळग्यावर कप बसतो, तिथे चित्र काढणं म्हणजे मेहनत वाया. बशी नुसती कपाखाली ठेवायची असेल, तर हे अगदी खरं. पण ताईंच्या सासऱ्यांनी आयुष्यात कपातून चहा प्यायलेला नाही.

(दृश्य: चहा बशीत ओतला जातो. फुंकर. एक भुरका, दुसरा. आधी चोच दिसते, मग पंख.)

"सूनबाई, पाखरू अजून ओलंच आहे. आणा अर्धा कप."