पाय हुकला की

(दृश्य: मॅटच्या उंचीवरून चार अनवाणी पावलं)

नजर पांढऱ्या पोशाखातल्या खेळाडूच्या गुडघ्यांवर ठेवा. निळा उचि-माता टाकतोय, म्हणजे ज्युदोतला मांडीखालून पाय झाडून पाडायचा डाव. तो वळून आत शिरतो, डाव्या पायावर तोल घेतो आणि उजवा पाय पांढऱ्याच्या मांड्यांमधून मागे, वर झाडतो. मांडीला पाय लागला, तर पांढरा उचललाच जाणार.

पण पाय लागत नाही.

(दृश्य: तोच क्षण, संथ गतीत)

निळ्याचा पाय मॅटवरून सुटला, तरी पांढरा अजून जागचा हललेला नाही. पाय वर यायला लागतो, तेव्हा कुठे तो डावा गुडघा उजव्याला आणून भिडवतो. निळ्याचा पाय बाहेरच्या बाहेर हवेत जातो. आता निळा एका पायावर, पाठमोरा, आणि सगळा जोर पुढे देऊन बसलेला.

याला म्हणतात उचि-माता-सुकाशी. पायांनी हुलकावणी दिली, पाडलं मात्र हातांनी. म्हणूनच कोदोकान ही ज्युदोची मूळ संस्था हा डाव ते-वाझात, म्हणजे हातांच्या डावांत मोजतं.

(दृश्य: पकड, अगदी जवळून)

डाव्या मुठीत निळ्याची बाही, उजव्या मुठीत कॉलर. बाहीचं कापड आधी सैल आहे. बघता बघता त्याला ताठ चुण्या पडतात. बाही खाली, कॉलर वर, दोन्ही हात स्टिअरिंग वळवल्यासारखे फिरतात आणि निळा पाठीवर आदळतो.

प्रतिडाव म्हणजे दुसऱ्याच्या मेहनतीवर मारलेला डल्ला, असं म्हणणारे भेटतात. त्यांनी या मुठी बघाव्यात.

(दृश्य: सराव)

नवशिक्यांची घाई इथे दिसते. पाय आधीच काढला, की समोरचा सावध होतो आणि सरळ ओ-उचि-गारीकडे, म्हणजे आतून पाय अडकवून मागे पाडायच्या डावाकडे वळतो. उशीर झाला, तर आपणच हवेत. शिवाय जोडीदारानं डाव मनापासून टाकायला हवा. लुटुपुटूच्या डावात जोरच नसतो, मग उलटवणार काय?

(दृश्य: रिकामी मॅट, कडेला पंच)

२००० चं सिडनी ऑलिंपिक, १०० किलोवरील गटाची अंतिम लढत. फ्रान्सच्या दाविद दुइयेचा उचि-माता जपानच्या शिनिची शिनोहारानं असाच चुकवून उलटवला. दोघेही खाली गेले. एका पंचानं शिनोहाराला इप्पोन, म्हणजे लढत तिथेच जिंकून देणारा पूर्ण गुण दिला, उरलेल्या दोघांनी दुइयेला युको, म्हणजे त्याहून छोटा गुण. आधी आत कोण शिरलं, यापेक्षा पडताना ताबा कुणाचा होता, ते बघायला हवं होतं. सुवर्ण दुइयेला गेलं. निर्णय व्हिडिओवर तपासायची सोय ज्युदोत आली ती त्यानंतरच्या वर्षांत.

(दृश्य: पुढची जोडी मॅटवर येते)

आणि उचि-माता टाकणाऱ्यांसाठी: पाय हुकला म्हणून डोकं मॅटमध्ये खुपसू नका. मानेला दुखापत होते, आणि डोक्यावर सूर मारणाऱ्याला सामन्यात थेट बाद करतात.