बेलवरचे नाव आणि घरातले इंटरनेट

येथे बसलेल्यांपैकी काहीजण लवकरच शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी जर्मनीला निघणार आहेत. तिथे पोचल्यावर फोन, टीव्ही आणि इंटरनेट यांची व्यवस्था कशी लावायची, एवढ्यापुरतेच मी बोलणार आहे. पुण्यात आधार कार्ड दाखवून दुकानातून चालू सिम घेऊन निघण्याची सवय झालेल्या माणसाला तिथे पहिला धक्का बसतो तो हा, की या सगळ्या सेवा तुमच्या पत्त्याला बांधलेल्या असतात. हा पत्ता म्हणजे नगरपालिकेच्या दप्तरातली नोंद. तिला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. ती घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते आणि त्यासाठी घरमालकाचे सहीचे पत्र लागते. घर पाहतानाच ते पत्र मिळेल का, हे विचारून घ्यावे.

फोनचे काम त्यातल्या त्यात सोपे. 2017 च्या जुलैपासून प्रीपेड सिमसाठीही ओळख पटवावी लागते. ती पोस्टात जाऊन किंवा व्हिडिओ कॉलवर होते. कॉलवरचा माणूस पासपोर्ट तिरका करायला सांगतो, कारण त्याला होलोग्राम चमकलेला पाहायचा असतो, आणि खोलीतला दिवा मंद असेल तर तुमचा अर्धा तास त्यातच जातो. दोन वर्षांच्या कराराचा मोबाइल मात्र लगेच मागू नये. कंपन्या ‘शुफा’कडे तुमची आर्थिक पत तपासतात, आणि नवख्या माणसाची तिथे पाटी कोरी असते. भारतातले सिम बंद पडू देऊ नका; निघण्यापूर्वीच रोमिंग चालू करून घ्या, नाहीतर इथल्या बँकेचा ओटीपी तुम्हाला मिळणार नाही.

घरच्या इंटरनेटचा अर्ज घरात पाऊल टाकण्याआधी केलेला बरा, कारण जोडणीला कित्येकदा आठवडे लागतात. माझ्या पहिल्या घरी टेक्निशियन सकाळी आठ ते दुपारी एक यांदरम्यान येणार होता, म्हणून मी रजा काढून खिडकीपाशी बसलो होतो. तो आला, खालच्या बेलच्या पाट्या वाचल्या, माझे नाव दिसले नाही आणि निघून गेला. बेलवर अजून जुन्या भाडेकरूचेच नाव होते. पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. जर्मनीत बेलवर फ्लॅटचा नंबर नसतो, आडनाव असते. त्यामुळे किल्ली हातात येताच बेलवर आणि टपालपेटीवर आपले नाव चिकटवावे, मग ते कागदाच्या चिटोऱ्यावर लिहिलेले का असेना.

आनमेल्डुंग झाल्यावर काही दिवसांतच सार्वजनिक नभोवाणी-दूरचित्रवाणीच्या शुल्काचे पत्र येते, आणि त्यावरून आपली मंडळी हमखास चिडतात. घरी टीव्ही नाही, रेडिओ नाही, मग पैसे कशाचे, हा प्रश्न रास्त वाटला तरी उपयोगाचा नाही. 2013 पासून हे शुल्क उपकरणावर नसून घरावर आहे आणि 2021 पासून ते महिन्याला 18.36 युरो आहे. पत्र केराच्या टोपलीत टाकले तर थकबाकी साठत जाते. मात्र एका घराला एकच शुल्क असल्यामुळे तुम्ही चौघे मिळून राहत असाल, तर एकाने भरावे आणि बाकीच्यांनी त्याचा नोंदणी क्रमांक कळवून मोकळे व्हावे.

टीव्हीच्या केबलचा प्रश्न वेगळा आहे. 2024 च्या जूनअखेरपर्यंत घरमालक ती रक्कम भाड्यावरच्या इतर खर्चात लावू शकत असे. आता तसे चालत नाही. म्हणून केबलचा करार विकायला माणसे दारापर्यंत येतात आणि गोड बोलतात. सही केलीच, तर 14 दिवसांत लेखी कळवून तो मागे घेता येतो.

इंटरनेटचा करार बहुधा 24 महिन्यांचा असतो. पूर्वी तो आपोआप वर्षभर वाढे. 2021 च्या डिसेंबरपासून पहिली मुदत संपल्यावर एक महिन्याच्या सूचनेने सुटता येते. सूचना ईमेलने पाठवली तरी चालते. उत्तरात करार संपण्याची तारीख आली आहे ना, तेवढे पाहून तो ईमेल जपून ठेवा.