अवधाण

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय ‘जंतूंचा हल्ला आणि शरीराचा बचाव’. तिथे येतेच, पण आधी एका शब्दाबद्दल बोलू द्या. माझ्या डोळ्यांदेखत तो नाहीसा होतोय. अवधाण! घरात ऐकलेल्यांनी हात वर करा बघू. पुढच्या दोन रांगा, आणि मागे एकही नाही.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. अंगठ्याखाली बाभळीचा काटा मोडला आणि रागावतील म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी लंगडताना आजीने धरलं. पाय न बघता तिने आधी जांघ चाचपली. सुपारीएवढी गाठ, हात लागताच कळ. ‘अवधाण आलंय गं. कुठं लागलंय पायाला?’ गाठ जांघेत आणि प्रश्न पायाचा! मग दिव्याजवळ बसवून सुईने काटा काढला, त्यामागून पिवळा पू आला.

तो पू म्हणजे जंतूंना गिळता गिळता मेलेल्या पांढऱ्या पेशी. कातडी फाटली की काही तासांत त्या तिथे जमतात. लालपणा, ठणका, जागा गरम लागणं ही सगळी त्यांचीच धावपळ. दुसऱ्या काही पेशी मात्र जंतूचे तुकडे घेऊन बारीक वाहिन्यांतून जांघेतल्या गाठीपर्यंत जातात. तिथे लिम्फोसाइट्स नावाच्या लाखो पांढऱ्या पेशी असतात, प्रत्येकीची ओळख वेगळ्या आकाराशी. ज्यांना तो तुकडा जुळतो त्या भराभर दुणावतात आणि गाठ फुगते. आजीला हे ठाऊक नव्हतं, पण पाय आणि जांघ यांच्यातली वाट तिला पक्की ठाऊक होती.

या गाठीचं पुस्तकातलं नाव ‘लसीका ग्रंथी’. वर्गात मुलं ते घडाघडा म्हणतात. ती कुठे असते, हात लावून दाखवा म्हटलं की गप्प. घसा आल्यावर जबड्याखाली दुखते तीच ही, असं सांगितलं की चेहरे खुलतात. पुस्तकात कंसात तरी ‘अवधाण’ छापा, एवढंच माझं मागणं आहे, आणि मी ते करत राहणार.

पाच मिनिटांची चिठ्ठी आली. भरभर सांगते.

सप्टेंबर १८९६. मुंबईत मांडवीला प्लेग उघडकीस आला. पिसू पायाला चावायची, गाठ जांघेत यायची. वाट तीच. पण पिसवेच्या अंगातून माणसाच्या ३७ अंशांत आला की हा जंतू भोवती कवच चढवतो. गिळायला आलेल्या पेशीत सुईसारख्या नळीने प्रथिनं टोचून तिला लुळी पाडतो. मग गाठीतच वाढतो आणि तिथून रक्तात उतरतो. नव्या जंतूविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे त्याला चिकटून निकामी करणारी प्रथिनं, पुरेशी तयार व्हायला आठवडाभर लागतो. कितीतरी रोगी तेवढे दिवस काढू शकत नव्हते. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंनाही त्याने गाठलं. १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

त्याच वर्षी १० जानेवारीला मुंबईत हाफकिन या शास्त्रज्ञाने उष्णतेने मारलेल्या प्लेगजंतूंची लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचलं तिथे दुखलं. मेलेला जंतू वाढत नाही, पण त्याचे तुकडे गाठीपर्यंत पोहोचतात. तिथे तयार झालेल्या काही पेशी मागे राहतात, म्हणून पुढच्या वेळी तो आठवडा वाट बघावी लागत नाही.

करोनाची लस दंडावर घेतल्यावर काखेत दुखलेले इथे कितीजण आहेत? आता मागच्या रांगांतूनही हात वर आले. ते अवधाणच.