'गेलो होतो'चं इंग्रजी काय?

नमस्कार मंडळी. आज कोल्हापुरातल्या अभ्यासिकांत दिवस-दिवस बसणाऱ्या पोरापोरींशी बोलायचंय. एमपीएससी असो, बँक असो, स्टाफ सिलेक्शन असो, इंग्रजीच्या पेपरात रिकामी जागा येते, खाली क्रियापदाची चार रूपं असतात आणि बाराच्या बारा टेन्स तोंडपाठ असूनही मार्क जातो. का जातो, तर आपण वाक्य मनात मराठीत वाचतो आणि मराठी काळ वेगळ्या रीतीनं सांगते.

बघा की, आपण म्हणतो, 'गेल्या वर्षी आम्ही पन्हाळ्याला गेलो होतो'. ते 'होतो' कानात असतं म्हणून पोरं सरळ हॅड गॉनचा गोल काळा करतात. पण मराठीतलं हे 'होतो' बऱ्याचदा एवढंच सांगतं की गोष्ट मागची आहे, होऊन गेली. इंग्रजीतल्या हॅडला मात्र सोबत लागते, मागच्याच काळातली दुसरी घटना, जिच्या आधी हे घडलं. म्हणून तिथं नुसतं 'लास्ट इयर वुई वेन्ट टू पन्हाळा'. आता हे घ्या, 'आम्ही स्टँडवर पोचलो तेव्हा गारगोटीची गाडी सुटली होती', इथं गाडी आधी सुटली, आपण मागनं पोचलो, दोन घटना झाल्या, मग 'द बस हॅड लेफ्ट' एकदम बरोबर. हा फरक एकदा डोक्यात बसला ना, की अर्धी भीती जाते, मी हे अगदी मनापासून सांगतोय.

तसंच 'मी त्याला कालच भेटलोय'. मराठीत चालतं, इंग्रजीत हॅवच्या शेजारी यस्टरडे चालत नाही, अ‍ॅगो नाही, संपलेलं सालही नाही. आपली शिवाजी युनिव्हर्सिटी 'वॉज एस्टॅब्लिश्ड इन १९६२', हॅज बीन नव्हे. उलट 'दहा वर्षं राजारामपुरीत राहतोय' यात मराठी वर्तमानकाळ वापरते आणि इंग्रजीला 'हॅव बीन लिव्हिंग फॉर टेन इयर्स' लागतं, कारण राहणं तेव्हा सुरू झालं ते अजून चालूच आहे.

आणि 'पाऊस आला तर मॅच होणार नाही', यातलं 'आला' भूतकाळी दिसतं पण पाऊस तर अजून यायचाय! इंग्रजीत 'इफ इट रेन्स', विल येतं ते वाक्याच्या पुढच्या भागात.

तेव्हा आधी पर्याय हातानं झाका, वेळेचा शब्द शोधा, दुसरं क्रियापद शोधा, मग हात काढा. आता एक सोडवू. 'बाय नेक्स्ट जून, शी डॅश हर डिग्री'. पुढच्या जूनपर्यंत काम पुरं झालेलं असणार, म्हणून 'विल हॅव कम्प्लीटेड'. मराठीत काय म्हणतो आपण? 'पूर्ण केलेली असेल'. इथं मात्र मराठी धरूनच चला, ती बरोबर उत्तरावर नेते.