आधी घड्याळ, मग पक्षी

डिसेंबर १९००. ‘बर्ड-लोर’ या अमेरिकी मासिकाचे संपादक फ्रँक चॅपमन वाचकांना सांगतात: नाताळच्या दिवशी बाहेर पडा, पक्षी मोजा आणि यादी लगेच पाठवा, फेब्रुवारीच्या अंकात छापू. यादीच्या डोक्यावर मात्र ठिकाण, निघाल्याची व परतल्याची वेळ, हवा, तापमान, वाऱ्याची दिशा आणि जोर हवाच.

तेव्हा नाताळात ‘साइड हंट’ चाले. दोन तुकड्या पाडायच्या, दिसेल ते पाखरू-जनावर टिपायचं. ज्यांचा ढीग मोठा, ते जिंकले. चॅपमनची गणना या शिकारीऐवजी. चॅपमनना मोजणीची सवय जुनीच. १८८६ साली त्यांनी मॅनहॅटनच्या रस्त्यांवर ७०० बायकांच्या टोप्या न्याहाळल्या होत्या. बहुतेक टोप्यांवर पिसं, आणि त्यांत ४० जातींचे पक्षी ओळखू आले!

पहिल्या गणनेला माणसं आली २७, याद्या २५. कॅनडातल्या ओंटारिओपासून कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक ग्रोव्हपर्यंत मिळून सुमारे ९० जाती, साडेअठरा हजार पक्षी.

हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून काही कळतं का? फारसं नाही. कोणी तासाभरात घरी परतलं, कोणी दिवसभर हिंडलं. दुप्पट पक्षी दिसले ते पक्षी वाढले म्हणून, की पाय जास्त चालले म्हणून? याचं उत्तर डोक्यावरच्या त्या वेळेच्या ओळीत आहे. आमच्या मते चॅपमनची खरी करामत ती ओळ. पुढे तिच्यातूनच ‘पार्टी-अवर’ आलं. एकत्र फिरणारा गट म्हणजे एक पार्टी. चार जण मिळून सहा तास फिरले तरी पार्टी-अवर सहाच, चोवीस नव्हेत. पक्ष्यांची संख्या त्याने भागली की मग वर्षं ताडून पाहता येतात.

गणना दरवर्षी होऊ लागली, तसं क्षेत्रही पक्कं झालं: २४ किलोमीटर व्यासाचं वर्तुळ, तेच दरवर्षी. त्याचे भाग पाडून गटांना वाटतात. घोटाळा होतो तो हद्दीवर. मैनांचा थवा एका गटाच्या डोक्यावरून उडून दुसऱ्याच्या शेतात उतरतो आणि दोनदा मोजला जातो. म्हणून मोठ्या थव्यापुढे वेळ आणि उडण्याची दिशा लिहायची, संध्याकाळी याद्या जुळवताना एक आकडा खोडायचा. थवा मोजताना आधी पन्नास पक्षी नीट मोजायचे, तेवढा तुकडा नजरेत धरायचा आणि असे किती तुकडे बसतात ते पाहायचं. नुसत्या अंदाजाने मोठा थवा बहुधा कमीच भरतो.

घुबडांसाठी पहाटेच्या अंधारात काढलेले तास वेगळ्या रकान्यात जातात. ते दिवसाच्या तासांत मिसळले, तर चिमण्या विनाकारण घटलेल्या दिसतात.